‘आईच्या मारामुळेच आम्ही घडलो’ म्हणणाऱ्यांना

फॅमिली ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. सारांश असा : ‘आमच्या आईने लाटण्याने झोडलं, उपाशी ठेवलं, म्हणून आम्ही माणसात आलो. आजकालच्या पोरांना लगेच ट्रॉमा होतो. आई कधी मुलाचं वाईट चिंतत नाही. झालं गेलं विसरा, तिच्या पाया पडा.’ खाली जोडलेल्या हातांची रांग. लालबागच्या चाळीत अशाच आईच्या हाताखाली मी वाढले, म्हणून हे उत्तर.

पहिलं, मारामुळे घडलो. मी कोणामुळे घडले ते मला पक्कं ठाऊक आहे. समोरच्या काकी रात्री दार नुसतं लोटून ठेवायच्या, कडी लावायच्या नाहीत; का, ते आम्ही दोघी कधी बोललो नाही. ऐन उकाड्यात लांब बाह्यांचा स्वेटर घातलेल्या पोरीला एका बाईंनी वर्गासमोर काही न विचारता मधल्या सुट्टीत डबा दिला. मारानेही शिकवलंच की! जिन्यावरच्या चपलांच्या आवाजावरून आजची रात्र कशी जाणार ते ओळखायला. मोरीत भांडं न वाजवता पालथं घालायला. ‘नळावर घसरून पडले’ हे डोळ्याला डोळा देऊन सांगायला. काकी आणि बाईंचं श्रेय लाटण्याला कशाला देताय? आणि ग्रुपवर हात जोडतात ते तगलेले. जे तगले नाहीत ते तिथे दिसणार कसे?

ट्रॉमा हे आजचं खूळ, म्हणे. अमेरिकेत सॅन दिएगो इथल्या साडेनऊ हजार प्रौढांचा अभ्यास १९९८ साली छापून आला. घरातला मार, अत्याचार, व्यसन असे चार किंवा अधिक प्रकार बालपणी सोसलेल्यांमध्ये दारूचं व्यसन, नैराश्य, आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका ४ ते १२ पट आढळला. म्हणजे सगळेच कोलमडतात असं नाही. पण ‘आम्हाला कुठे काय झालं’ हे उत्तर त्यापुढे टिकत नाही.

आई वाईट चिंतत नाही, हे मात्र मी वाद न घालता सोडून देते. तिच्या मनात काय होतं ते तिलाच ठाऊक. केंद्र सरकारने २००७ मध्ये महाराष्ट्रासह १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांना विचारलं, तेव्हा घरात मार खाल्लेल्यांपैकी ८८.६ टक्के मुलांना मारणारे आईबापच निघाले. २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम ७५ मुलाला क्रूरपणे वागवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद, १ लाख दंड किंवा दोन्ही सांगतं. मारणारी जन्मदाती आहे म्हणून त्यातून सुटका नाही.

‘घरातलं घरात’ हे मेसेजमध्ये नाही, खालच्या प्रतिक्रियांत आहे. चाळीत कसलं घरातलं घरात? पातळ भिंतीपलीकडे सगळं ऐकू जायचं आणि टीव्हीचा आवाज वाढायचा. १०९८ हा मुलांसाठीचा नंबर याच शहरात १९९६ साली टाटा समाजविज्ञान संस्थेच्या पुढाकाराने सुरू झाला. माझ्यासाठी त्याला उशीर झाला होता, आता भिंतीपलीकडे राहणाऱ्यांना तो फिरवता येतो.

उरलं पाया पडणं. आईच्या औषधांचे पैसे मी दर महिन्याला पाठवते. गणपतीला तिच्याकडे जात नाही. दोन्ही माझं मी ठरवलंय, ग्रुपला विचारून नाही.