अकरा आठवडे उपाशी, आणि वर मलाच फुत्कार

आज अकरावा आठवडा. अकरा आठवडे मी, वय वर्षं ५१, दर रविवारी रात्री स्वयंपाकघरातला दिवा मालवून हातात लांब चिमटा धरते आणि एका मेलेल्या उंदराला काचेच्या पेटीत नाचवते. उजवीकडे दोन पावलं, डावीकडे दोन पावलं, जरा थांब, शेपूट हलव. समोर सापमहाराज वेटोळं करून ढिम्म. एकदा जीभ बाहेर, एकदा आत, आणि तोंड फिरवून आपल्या बिळात. अधिक महिन्यात रुसून बसलेल्या जावयानं सुद्धा इतका मानपान मागितला नसेल.

साप माझा नाही, हे आधी सांगते. चिरंजीवांना हवा होता. जूनमध्ये डॅलसच्या एका प्रदर्शनातून बॉल पायथन, म्हणजे एक लहानसा अजगर, आणला, नाव ठेवलं बंड्या, आणि ऑगस्टमध्ये हे साहेब शिकायला ऑस्टिनला निघून गेले. होस्टेलवर साप चालत नाही म्हणे. आई चालते.

विकणाऱ्यानं छातीठोकपणे सांगितलं होतं, "फ्रोझन उंदीर खातो, काही त्रास नाही." खोटारडा! दोन वेळा फ्रोझन पुढे धरलं, बंड्यानं हुंगलं सुद्धा नाही. म्हणजे त्या माणसाकडे हा जिवंत उंदरांवरच वाढलेला. गिऱ्हाईक घरी गेलं की पुढचं ते जाणे आणि त्याचं नशीब जाणे. सरळ सांगितलं असतं तर आम्ही दुसरा घेतला असता किंवा घेतलाच नसता. मला दुसरं जास्त आवडलं असतं.

शेवटी लेकानं जाण्याआधी एकदा जिवंत उंदीर सोडला. बंड्यानं पकडला, पण तोंडात नीट सापडला नाही, आणि त्या उंदरानं मरता मरता ह्याच्या डोळ्याखाली चावा घेतला. जीव वाचवायला कोणीही चावेल, त्याला काय बोलायचं? डॉक्टरीणबाईंनी जखम साफ केली, मलम दिलं, आणि बिल असं दिलं की त्यात पुण्याला जाऊन आले असते. तेव्हाच ठरवलं, माझ्या घरात पुन्हा जिवंत उंदीर नाही. सापासाठीही नाही आणि उंदरासाठीही नाही. फ्रोझनचे उंदीर आधीच गॅसनं शांतपणे मारलेले असतात, निदान ती किंकाळी तरी ऐकावी लागत नाही.

पण हे मेलेलं जेवण वाढणं म्हणजे काय प्रकार आहे, ते कोणी सांगतच नाही. आदल्या रात्री उंदीर फ्रीजरमधून खाली फ्रीजमध्ये. फ्रीजरमध्ये तो कुठे असतो? ओल्या खोबऱ्याच्या पाकिटाखाली, काळ्या पिशवीत, वर मराठीत 'उघडू नका' लिहून. दुसऱ्या दिवशी झिपवाल्या पिशवीत बंद करून गरम पाण्यात. नवरा म्हणाला, "मायक्रोवेव्हमध्ये वीस सेकंद फिरव की." फिरव! पोट फुटलं म्हणजे पुसणार कोण? आणि त्याच मायक्रोवेव्हमध्ये उद्या मटकीची उसळ गरम करायची आहे.

बरं, गरम म्हणजे नुसतं कोमट चालत नाही. ह्या जातीच्या ओठांवर बारीक खळगे असतात, त्यातून त्याला भक्ष्याची ऊब जाणवते. उंदीर ३८ अंशांच्या आसपास हवा, आणि डोकं अंगापेक्षा जरा जास्त गरम, म्हणजे तो डोक्याकडून धरेल. म्हणून मी हेअर ड्रायर घेऊन मेलेल्या उंदराचे केस वाळवत बसते. स्वतःचे केस मी पंख्याखाली वाळवते.

आणि सल्ले! पेटी मोठी आहे, लहान कर. पेटी लहान आहे, मोठी कर. कागदी पिशवीत साप आणि उंदीर रात्रभर बंद करून ठेव. चिकनच्या पाण्यात बुडव. जर्बिल नावाच्या पाळीव उंदराच्या पिंजऱ्यातल्या भुशात घोळव. एकानं सांगितलं, उंदराच्या कवटीला सुईनं भोक पाड, मेंदूच्या वासानं येतो. ज्या बाईनं घरात कधी अंडं उकडलं नाही, तिनं तेही केलं. त्या रात्री मी जेवले नाही. त्यानंही नाही.

गणपतीत तर कहरच. बाहेरच्या खोलीत बाप्पा, पायाशी मूषक, आणि आत मी मूषकाला गरम पाण्यात शेकते आहे. मोदकांची उकड एका शेगडीवर, हे पाणी दुसऱ्या. आरतीला आलेल्या एका वहिनींनी पाण्याच्या बाटलीसाठी फ्रीज उघडला. त्या आता फोन उचलत नाहीत.

सांगलीहून आईचा व्हिडिओ कॉल येतो. "अगं, वाटीभर दूध तरी ठेव त्याच्यापुढं, जीव आहे तो." साप दूध पीत नाही गं आई, पंचवीस वर्षं सांगते आहे. पालथ्या घड्यावर पाणी.

सगळ्यात संताप येतो तो "भूक लागली की खाईल" म्हणणाऱ्यांचा. हा घाना-टोगोकडचा प्राणी आहे, महिनेच्या महिने उपाशी राहू शकतो, आणि थंडी आली की नर तर पुष्कळदा तोंड बंद करतात. म्हणजे भुकेचा धाक त्याला नाहीच, धाक सगळा मला. दर रविवारी पिठाच्या काट्यावर (आता तो पिठाचा राहिला नाही, नवीन आणला) त्याचं वजन करते. ६४० ग्रॅमवरून ६०२. दहा टक्क्यांच्या वर घटलं की डॉक्टरीणबाईंकडे यायचं, असं सांगून ठेवलं आहे. माझं वजन कोणी विचारत नाही.

आणि न खाल्लेला उंदीर पुन्हा गोठवता येत नाही. सरळ कचऱ्यात. अकरा उंदीर! ते मेले कशासाठी मग?

काल रात्री चिमटा जरा जास्त जवळ गेला, तर बंड्या माझ्यावर फुत्कारला. माझ्यावर! मी तसाच उंदीर त्याच्या बिळाच्या तोंडाशी ठेवला, पेटीवर चादर टाकली आणि झोपले. सकाळी चादर काढली. उंदीर तिथंच. फक्त कूस बदललेली. म्हणजे ह्यानं तो बाजूला सारला, वाट अडली म्हणून.

लेकाला फोन केला. म्हणतो, "आई, एवढं काय, एकदा लाईव्ह देऊन टाक ना."

तू ये. शनिवारी ये. चिमटा दारातच ठेवते.