अ‍ॅडम्स आणि जेफरसन यांची मैत्री राजकारण टाळून टिकली नाही

अमेरिकेचे दुसरे राष्ट्राध्यक्ष जॉन अ‍ॅडम्स आणि तिसरे थॉमस जेफरसन यांची गोष्ट मैत्रीचा दाखला म्हणून नेहमी सांगितली जाते. सत्तेपायी दोघांचं फाटलं, मग म्हातारपणी अ‍ॅडम्सनी एक पत्र धाडलं, वैर संपलं आणि पुन्हा कधी भांडण झालं नाही. पुढे १८१२ साली इंग्लंडशी युद्ध पेटलं, तरी दोघांनी वर्तमानपत्रं सोडली होती, राजकारण वर्ज्य केलं होतं आणि युद्धाचा विषयही न काढता ते ग्रंथांवरच बोलत राहिले. शेवटी तात्पर्य जोडलेलं असतं: मैत्री हवी तर राजकारण बोलू नका. ही पत्रं मला फार जवळची आहेत, म्हणून हे तात्पर्य खटकतं.

आधी ते ‘एक पत्र’. १ जानेवारी १८१२ ला अ‍ॅडम्सनी पत्र लिहिलं हे खरं. पण त्यामागे फिलाडेल्फियाचे डॉक्टर बेंजामिन रश यांची दोन वर्षांहून अधिक खटपट होती. दोघांशीही त्यांचा पत्रव्यवहार होता आणि १८०९ पासून ते दोघांना पुन्हा पुन्हा गळ घालत होते. मध्यस्थाला गोष्टीतून वगळणं मला अन्यायाचं वाटतं.

वर्तमानपत्रांचं वाक्य जेफरसन यांचंच आहे: वर्तमानपत्रं देऊन टॅसिटस, थ्युसिडिडीस (हे दोघे प्राचीन इतिहासकार), न्यूटन आणि युक्लिड वाचायला घेतले, आणि मी अधिक सुखी आहे. पण त्याची तारीख २१ जानेवारी १८१२ आहे. युद्ध जाहीर झालं १८ जूनला. शिवाय याच पत्रात या वाक्याच्या थोडं आधी ते फ्रान्स आणि इंग्लंडबद्दल लिहितात की एक दरोडेखोरांचा अड्डा आहे, तर दुसरा चाच्यांचा. राजकारणाचा निरोप घेतलेला माणूस असं लिहीत नाही. ४ ऑगस्टला त्यांनी पत्रकार विल्यम डुएन यांना कळवलं की क्वेबेकच्या परिसरापर्यंतचा इंग्रजांचा कॅनडा यंदा घेणं म्हणजे नुसतं चालत जाण्याचं काम आहे. बाराच दिवसांनी अमेरिकेचाच डेट्रॉइटचा किल्ला इंग्रजांच्या हाती गेला. माँटिसेलो या आपल्या डोंगरावरच्या घरी बसलेला हा माणूस युद्धात पुरता गुंतला होता, आणि त्याचा अंदाज साफ चुकला होता.

आता ‘युद्धाचा विषयच नाही’ हा दावा. युद्धाला दीड महिना उरला असताना, १ मे १८१२ ला, अ‍ॅडम्सनी जेफरसनना तोंडावर सांगितलं की तुम्ही कर रद्द केलेत, आरमाराची हेळसांड केलीत. हे आपल्याला कधी पटलं नाही आणि पटणारही नाही, असंही त्यांनी लिहिलं. त्यांना ते बोलण्याचा अधिकार होता. आरमाराचं स्वतंत्र खातं १७९८ मध्ये त्यांच्याच कारकिर्दीत उभं राहिलं. पुढे युद्धात जमिनीवर नामुष्की होत असताना समुद्रात मात्र अमेरिकी जहाजं इंग्रजांना भारी पडू लागली. ऑगस्ट १८१२ मध्ये ‘गेरियर’ या इंग्रजी युद्धनौकेला नामोहरम करणारं ‘कॉन्स्टिट्यूशन’ हे जहाज अ‍ॅडम्स यांच्याच काळात पाण्यात उतरलं होतं.

जेफरसन यांचं उत्तर सावकाश आलं. २७ मे १८१३ च्या पत्राची सुरुवात रश यांच्या मृत्यूच्या दुःखाने होते. त्याच पत्रात पुढे ते आपल्या छोट्या आरमाराच्या यशाबद्दल अ‍ॅडम्स यांचं अभिनंदन करतात: याचा आनंद इतरांपेक्षा तुम्हाला अधिक, कारण लाकडी तटांचा आग्रह तुम्ही सुरुवातीपासून धरलात. इराणी स्वारीच्या वेळी अथेन्सला मिळालेला कौल होता की लाकडी तटच तुम्हाला वाचवतील. तट म्हणजे जहाजं. जेफरसन यांनी ‘माझं चुकलं’ असं लिहिलेलं नाही. मला मात्र ‘लाकडी तट’ या दोन शब्दांत कबुली दिसते. राजकारण वर्ज्य असतं तर हे वाक्य लिहिलंच गेलं नसतं.

नंतर भांडण झालं नाही, हेही खोटं. याच सुमारास इंग्लंडमध्ये छापलेलं एक पुस्तक अ‍ॅडम्सच्या हाती पडलं. त्यात जेफरसन यांनी १८०१ मध्ये शास्त्रज्ञ प्रीस्टली यांना लिहिलेलं खासगी पत्र होतं, अ‍ॅडम्स आणि त्यांच्या पक्षावर टीका करणारं. अ‍ॅडम्स उसळले. त्या उन्हाळ्यात त्यांनी एकामागून एक पत्रं लिहून जुने हिशेब काढले, आणि १५ जुलैला लिहिलं: एकमेकांना आपली बाजू समजावून सांगितल्याशिवाय आपण दोघांनी मरता कामा नये. त्याच ऑगस्टमध्ये त्यांची मुलगी कर्करोगाने गेली. जेफरसन यांनी खुलासा केला, पण प्रत्येक वादात उतरले नाहीत. शेवटपर्यंत पत्रांचं प्रमाण असंच राहिलं: १८१२ ते १८२६ मधल्या १५८ पत्रांपैकी १०९ अ‍ॅडम्सची.

ऑगस्ट १८१४ मध्ये इंग्रजांनी वॉशिंग्टन जाळलं, त्यात संसदेचं ग्रंथालय गेलं. जेफरसन यांनी आपला ग्रंथसंग्रह देशाला विकत देऊ केला. पुढे ६,४८७ खंड २३,९५० डॉलरना विकत घेतले गेले. संग्रह देऊ केल्याची बातमी कळताच, त्याच ऑक्टोबरमध्ये अ‍ॅडम्सनी लिहिलं की या अमर सन्मानाबद्दल मला तुमचा हेवा वाटतो, पण मी स्पर्धेत उतरू शकत नाही. माझी पुस्तकं तुमच्या निम्मीही नाहीत.