मुजोर कोणाला म्हणायचं?

इंदोरात राहायचा एक फायदा आहे, मराठी शब्द कुठून आला ते बरेचदा बाजूच्या हिंदीतच ऐकू येतं. मुजोर घ्या. पुण्याचा भाचा म्हणे हा मजूर वरून आला असेल (बघा, किती सोयीस्कर!) पण इथे मुँहजोरी ऐकत वाढलेल्याला सांगावं लागत नाही, मुँह आणि फारसीतला जोर, मराठीत येता येता अनुस्वार आणि ह गळाला, बस.

आणि मुँहजोर घोडाही असतो, म्हणजे लगाम न जुमानणारा. लगामाची लोखंडी कडी घोड्याच्या तोंडात पुढचे दात आणि दाढा यांच्यामधल्या मोकळ्या हिरडीवर बसते, ओढली की लागतं म्हणून तो थांबतो, पण हिसके खाऊन खाऊन ती जागा निबर झाली की स्वाराने कितीही खेचलं तरी गडी आपल्याच मनाने जाणार. आधी हिसके आणि मग मुजोरी, असा क्रम आहे हो! घोड्याला विचारलं असतं तर त्याने वेगळंच काही सांगितलं असतं.

उद्दाम पण तसलाच. संस्कृतात दामन् म्हणजे दोरी, आपलं गुराचं दावं त्यातलंच, तर उद्दाम म्हणजे दावं सुटलेला. हे दोन्ही शब्द ज्याच्या हातात दोरी त्याचे आहेत. म्हणून सून मुजोर होते, कामवाली होते, सासू मुजोर झाली असं मी तरी कोणाकडून ऐकलं नाही. पेपरात मुजोर अधिकारी छापतात तेव्हा मला जाम आवडतं, तेवढ्यापुरता लगाम पब्लिकच्या हातात येतो.

परवा राजवाड्याजवळ बॅटरी रिक्षावाला गल्लीत यायला नाही म्हणाला, तर शेजारच्या काकू लगेच, "किती मुजोर झालेत बघ मेले." अहो काकू, त्या गल्लीच्या तोंडावर एक मोठी पांढरी गाडी आडवी लावून साहेब आत कचोरी खात होते, रिक्षा जाणार कुठून? त्यांना काकू काही नाही बोलल्या, उलट मला म्हणे घाईत असतील बिचारे.

अशा साहेबांसाठी मग्रूर हा शब्द आहे ना आपल्याकडे, अरबीतून आलेला. तिकडे त्याचा मूळ अर्थ फसलेला, भ्रमात पडलेला. काकूंचं बिचारे त्या हिशोबाने बरोबरच म्हणायचं.