मारामारी फास्ट-फॉरवर्ड करून बघू नका

'चिनी सिनेमे म्हणजे दोऱ्यांना लटकून हवेत उडणारी माणसं' असं म्हणून जे हे सिनेमे निकालात काढतात, त्यांच्याशी माझं भांडण आहे. नुसत्या मारामारीच्या क्लिप्स बघून 'भारी!' म्हणणाऱ्यांशीही आहे. दोघांच्याही हातून मुख्य गोष्ट निसटते. या सिनेमांतली माणसं रीतीभातींनी इतकी जखडलेली असतात की मनातलं तोंडावर येत नाही. ते येतं तलवारीतून.

'क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन' (2000) मधली मिशेल यो आणि झांग झियी यांची शस्त्रशाळेतली लढत घ्या. शू लिएनने (मिशेल यो) जन्मभर मर्यादा पाळली, ज्याच्यावर जीव आहे त्याला तसं कधी सांगितलं नाही. समोरची जेन (झांग झियी) तरुण, बेबंद, आणि हातात चोरलेली अद्वितीय तलवार. शू लिएन एकेक हत्यार उचलते आणि ती तलवार ते छाटत जाते. एक तर इतकं जड निघतं की तिला पेलवतच नाही. शेवटी मोडक्या तलवारीचं टोक ती जेनच्या गळ्याला लावते, आणि थांबते. जेन मात्र त्या थांबण्याचा फायदा घेऊन तिच्या दंडावर वार करते. दोघींचे स्वभाव, वय, एकीचा हेवा आणि दुसरीची माया, सगळं तिथे कळतं. युएन वू-पिंग यांनी बसवलेली ही लढत फास्ट-फॉरवर्ड करून पाहिली, तर सिनेमाच पाहिला नाही असं मी म्हणेन.

हे काही 'क्राउचिंग टायगर'चा दिग्दर्शक आंग ली याच्यापासून सुरू झालं नाही. 1966 मध्येच दिग्दर्शक किंग हूने 'कम ड्रिंक विथ मी'मध्ये चेंग पेई-पेईला खाणावळीतल्या टेबलाशी शांत बसवलं आणि भोवती गुंड जमवले. वार होण्याआधीचा तो ताण आजही अंगावर येतो. किंग हूची लय पेकिंग ऑपेरातली, म्हणजे पारंपरिक चिनी संगीतनाट्यातली आहे: स्तब्धता, एकदम झडप, पुन्हा स्तब्धता. त्याच्या 'अ टच ऑफ झेन'मधली बांबूच्या वनातली लढाई पाहिली की आंग लीने बांबूच्या शेंड्यांवर कोणाला वंदन केलंय ते समजतं. आणि आंग लीच्या सिनेमातली खलनायिका जेड फॉक्स कोण, तर हीच चेंग पेई-पेई!

झांग यिमोचा 'हीरो' (2002) मला देखणेपणासाठी प्रचंड आवडतो. पावसात एक म्हातारा वाद्य वाजवतोय, जेट ली आणि डॉनी येन डोळे मिटून उभे आहेत आणि लढाई मनातल्या मनात चालली आहे, यापेक्षा सुंदर द्वंद्व मी पाहिलेलं नाही. पण शेवट मला पटत नाही. देश एक व्हावा म्हणून जुलमी राजाला जिवंत सोडावं, हा युक्तिवाद सत्तेच्या फार सोयीचा आहे. हा राजा म्हणजे छिन राज्याचा राजा. त्याच्यावर इ.स.पू. 227 मध्ये जिंग के नावाच्या मारेकऱ्याने हल्ला केला, त्याचीच कथा चेन कायगेने 'द एम्परर अँड द अ‍ॅसॅसिन'मध्ये सांगितली आहे. तिथे एकीकरणाची किंमत दिसते, मेलेल्या पोरांसकट. ज्यांनी 'हीरो' पाहिलाय त्यांनी हा पाहायलाच हवा.

आणि जॉन वूचा 'रेड क्लिफ'! इ.स. 208, यांगत्से नदी, दक्षिणेवर चालून आलेल्या त्साओ त्साओचं अफाट सैन्य. धुक्यात गवताने भरलेल्या नावा पाठवून शत्रूचेच बाण गोळा करण्याची युक्ती पाहताना मी दरवेळी सरसावून बसतो. पण खरा कळस माझ्या मते त्याआधीच आहे. त्साओ त्साओविरुद्ध युतीचा प्रस्ताव घेऊन मुत्सद्दी जूगे लियांग दक्षिणेचा सेनापती झोऊ यू याच्याकडे येतो. दोघे समोरासमोर बसून वाद्यं वाजवतात, सूर चढत जातो. त्या वादनावरूनच जूगे लियांग ओळखतो की झोऊ यू लढणार. त्साओ त्साओसुद्धा नुसता दुष्ट नाही. महत्त्वाकांक्षी आहे, आजारी सैनिकांना धीर देणारा आहे, दुसऱ्याच्या बायकोवर लुब्ध आहे. आपल्याकडच्या ऐतिहासिक चित्रपटांत शत्रूला इतकं माणूसपण मिळालं तर आपल्या वीरांची उंची वाढेलच, कमी होणार नाही.

'रेड क्लिफ' बघाल तर दोन्ही भाग बघा. आशियाबाहेरच्या प्रेक्षकांसाठी दोन्ही मिळून अडीच तासांत बसवलेली आवृत्तीही आहे, तिच्या वाटेला जाऊ नका. आणि कृपा करून डबिंग नको. मूळ आवाज ठेवा, खाली सबटायटल्स लावा.