आरशातलं सर्किट

आमची गच्चीवरची टाकी भरून वाहिली की पाणी थेट खालच्या काकूंच्या वाळवणावर. गेल्या उन्हाळ्यात साबुदाण्याच्या पापड्यांची पेज झाली, तेव्हा मी जाहीर केलं, टाकी भरली की वाजणारा भोंगा घरीच बनवतो.

"अहो, तयार मिळतो की," ही म्हणाली.

मिळतो. पण डिप्लोमाला ५५५ ही टायमरची आयसी शिकलेला माणूस तयार भोंगा आणतो होय? आठ पायांची ही चिप १९७२ साली बाजारात आली. माझ्याहून वर्षाने मोठी, आणि अजून नोकरीत.

पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत दुकानदार म्हणाला, "पाच घेऊन जा, साहेब." मी बाणेदारपणे एकच घेतली.

तांब्याच्या बोर्डावर मार्करने रेघा ओढल्या आणि बोर्ड फेरिक क्लोराइडमध्ये, म्हणजे श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात, बुडवला. रेघांखालचं तांबं राहतं, बाकीचं विरघळतं. मोरीच्या फरशीवर सांडलेलं मात्र कुठेच जात नाही. "हळदीचा डाग उन्हाने उडतो," ही म्हणाली, "हा?" मी डबा हलवत बसलो.

मग भोकं पाडली, सोल्डरिंग केलं. (राळेचा धूर नाकात गेला की मला उगाच आरतीला उभं राहिल्यासारखं वाटतं.) नऊ व्होल्टची बॅटरी लावली, दोन तारा पेल्यातल्या पाण्यात सोडल्या. शांतता. बॅटरी बदलली, बझर बदलला, रेझिस्टरचं मूल्य सांगणारे रंगीत पट्टे भिंगातून वाचले; पिवळ्या दिव्याखाली लाल आणि नारिंगी सख्खे भाऊ दिसतात. शेवटी आयसीवर बोट टेकवलं आणि तेच बोट तोंडात घालून घरभर फिरलो.

तेव्हा उजेड पडला. नकाशा वरून बघून काढला होता आणि तसाच खालच्या, तांब्याच्या बाजूला उतरवला होता. उलटा न करता! पहिल्या पायाच्या जागी आठवा, आठव्याच्या जागी पहिला. पहिला म्हणजे ग्राउंड, आठवा म्हणजे सप्लाय. मी बॅटरी सरळ लावून आयसीला उलटी पाजली होती. तीन पायांचा ट्रान्झिस्टर बिचारा गरीब, नुसता फिरवला की ऐकला. आयसी कितीही फिरवा, आरशातला डावा हात उजवा होत नाही.

दुकानदाराने काही न विचारता पाच मोजून दिल्या. नवी आयसी तांब्याच्या बाजूनेच डकवली. दिसायला पालथ्या झुरळासारखं प्रकरण, पण पेल्यात तारा बुडवताच किंचाळलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला टाकी भरली आणि भोंगा वाजला. काकू दारात येऊन विचारू लागल्या, "कोण गेलं?" मी गच्चीवर धावलो. बंद करायला गेलो तर कळलं, स्विच बसवायचाच राहिलाय. तारा पाण्यातून उपसून मुठीत घट्ट धरल्या. हात ओला होता. भोंगा माझ्यातूनच वाजत राहिला.