रिंग गोलच असते

कुकरची रिंग मागताना तिचा आकार सांगावा लागतो, हे हार्डवेअरच्या दुकानातल्या त्या काकांना अजिबात मान्य नव्हतं. "रिंग गोलच असते. त्यात सांगायचं काय?" असं ते म्हणाले, तेही माझ्याशी नाही, अख्ख्या दुकानाला उद्देशून.

मागणी साधी होती: आतल्या झाकणाचा कुकर, पाच लिटर. "झाकण आत पडतं?" पडत नाही, काका. तोंड आणि झाकण दोन्ही लंबगोल असतात. झाकण तिरकं करून आत सोडायचं, फिरवून वर ओढायचं आणि दांडी अडकवायची. वाफ त्याला आतून काठावर दाबते, त्यामुळे दाब असेपर्यंत ते उघडतच नाही.

"लंबगोल! मग अंडीच उकडत असाल." दुकान हसलं. त्या हशाने काकांना चेव आला. खिळ्यावरच्या घोसातून एक रिंग ओढून त्यांनी ती दोन्ही हातांनी ताणली, सोडली, पुन्हा ताणली. "रबर आहे. ओढलं की कुठेही बसतं. आमची ही अशीच बसवते." काकू कशा निभावतात कोण जाणे! ओढून बसवलेल्या रिंगमधून बाजूने वाफ निसटते. शिट्टी होत नाही, म्हणून आपण कुकर गॅसवर तसाच ठेवतो; पाणी आटतं आणि शेवटी सेफ्टी वॉल्व्हमधला धातू वितळतो. वरणाचं काय होतं ते सांगत नाही.

देनी पापँ या फ्रेंच माणसाने 1679 साली लंडनच्या रॉयल सोसायटीला आपलं वाफेचं भांडं, म्हणजे आजच्या कुकरचा पूर्वज, दाखवलं आणि 1681 साली त्यावर आकृतीसकट पुस्तक काढलं. शहाणा माणूस. नुसतं तोंडी सांगून भागणार नाही, हे त्याने ओळखलं असावं.

दुकानदार एवढ्यात काकांकडे वळला. "बल्ब कोणता देऊ? पिनांचा की आट्यांचा?"

"बल्बसारखा बल्ब द्या हो!"

या वेळी कोणी हसलं नाही, याचा राग अजून गेलेला नाही.

मला उत्तर मिळालं ते "झाकण घेऊन या" एवढंच. खरं तर रास्तच. बाहेरच्या झाकणाची रिंग झाकणाच्या आतल्या खाचेत बसते, आतल्या झाकणाची कडेभोवती चढते. खिळ्यावर मात्र दोन्ही सारख्याच लोंबतात. नुसत्या लिटरवरही जाऊ नये. पाच लिटरचा उभट कुकर आणि पाच लिटरचा पसरट कुकर यांची तोंडं वेगळी. उलट एकाच कंपनीच्या लहानमोठ्या कुकरांना कधी एकच रिंग चालते. जुनी रिंग मापाला नेली तरी ती कडक होऊन आक्रसलेली किंवा सैल पडलेली असते. कुकरवर कंपनीचं नाव ठसठशीत, आयएसआयचा शिक्का, खाली आयएस 2347 हा कुकरच्या मानकाचा क्रमांक. मग त्याच शिक्क्याशेजारी रिंगचा नंबर कोरायला यांचं काय जातं? झाकण पिशवीत घालून बाजारभर आम्ही का फिरायचं?