गाडी हलवा, हवा निघते

परवा पेट्रोल पंपावर एका अनोळखी गृहस्थाने माझी गाडी हलवली. ढकलली नाही, पळवून नेली नाही, तसं केलं असतं तर निदान पोलिसांत तरी जाता आलं असतं. हलवली. दोन्ही तळहात पत्र्याला लावून डावी-उजवीकडे, जोर लावून, आणि आत मागच्या सीटवर आमची आत्या बसलेली.

गाडी म्हणजे ओम्नी, २००८ ची. पंधरा वर्षं झाली तेव्हा पुन्हा पासिंग केलं, पर्यावरण कर भरला, त्यामुळे कायद्याने अजून जिवंत आहे. कंपनीने २०१९ मध्ये हे मॉडेलच बंद केलं त्यामुळे नवी घेण्याचा प्रश्न मिटला. इंजिन पुढच्या सीटखाली, मे महिन्यात आपण गाडी चालवतोय की तव्यावर बसलोय ते कळत नाही, पण आईचं सामान, आत्याचे गुडघे आणि मेव्हण्याचे संसारोपयोगी डबे ह्या सगळ्यांना पुरते ती एकटीच. हल्ली फक्त पेट्रोल फार पिते. बायकोने दोनदा विचारलं, नेमकं किती देते? म्हटलं एकदा नीट मोजूच.

मोजायची पद्धत सोपी आहे. टाकी फुल करायची, किलोमीटरचा आकडा लिहून ठेवायचा, रोजच्यासारखी चालवायची, मग त्याच पंपावर, त्याच नोझलने पुन्हा फुल करायची आणि चाललेल्या किलोमीटरला लागलेल्या लिटरने भागायचं. ह्यात एकच गोष्ट सांभाळायची, दोन्ही वेळेला नोझल पहिल्यांदा आपोआप बंद झाली की थांबायचं. नोझलच्या टोकाला एक बारीक भोक असतं, पेट्रोल तिथवर चढलं की आतला दाब बदलतो आणि कट होतं. नंतर पंपवाला टुकटुक करून वर जे भरतो त्याला काही हिशेब नसतो.

पहिली फुल टाकी व्यवस्थित झाली. दुसऱ्यांदा आत्याला डॉक्टरकडून आणत होतो, एलबीएस रोडवर संध्याकाळची लाइन, माझा नंबर आला, टक् करून कट झालं. पोऱ्या म्हणाला, "सर, राउंड फिगर कर दूं?" मी म्हटलं नको, निकालो. इतक्यात मागून आवाज, "अहो साहेब, फुल कुठे झालीये?"

मागे अ‍ॅक्टिवावर एक काका. हेल्मेट कोपरात अडकवलेलं, पायापाशी भाजीची पिशवी, तिच्यातून पडवळ बाहेर डोकावत होतं. स्टँड लावून उतरलेच.

"ह्या व्हॅनच्या टाकीत हवा अडकते. मला माहितीये. हलवायला लागते."

मी म्हटलं, काका, मला कटपर्यंतच हवंय, मी मायलेज मोजतोय.

"मायलेज मोजताय आणि टाकी अर्धवट? मी कांजूरला कंपनीत स्टोअरला होतो, आख्खी नोकरी मापात गेली. माप म्हणजे काय ते मला नका सांगू."

"पण वरची जागा रिकामीच ठेवायची असते. उन्हात पेट्रोल फुगतं."

"फुगू दे की! फुकट वाढतंय ना?"

ह्याला काय उत्तर द्यायचं? मी खरंच विचार करत होतो, तेवढ्यात त्यांनी हात लावला. ओम्नी हलकी गाडी, वरून उंच, टायर बारा इंची, तिला हलवायला पैलवान लागत नाही. पहिल्या झोक्याला आतून आत्याचा आवाज आला, "अगं बाई!" काकांना वाटलं टाकीतली हवा निघाली. खरंच सांगतो, ते पोऱ्याला म्हणाले, "बघ, आवाज आला." शेजारी पिझ्झाची बॅग पाठीला लावलेला एक मुलगा उभा होता, त्याला म्हणाले तू त्या बाजूने धर. त्यानेही धरलं! त्याला ऑर्डर पोचवायची होती, उशीर झाला तर लोक त्याच्यावर ओरडणार, पण मुंबईत कुणी फुकट काम सांगितलं की आपण आधी हात लावतो आणि मग विचारतो काय आहे.

आत्या काच सरकवून म्हणाली, "अरे, कोयनेच्या वेळी असंच हललं होतं." ती ११ डिसेंबर १९६७ ची पहाट, गिरगावात चाळीच्या गॅलरीत सगळे झोपेतून उठून उभे राहिले होते, ही शाळेत होती, आजोबांनी आधी रेडिओ उचलला आणि मग हिला. हा आजोबांचा रेडिओ घरात सत्तावन्न-अठ्ठावन्न वर्षं गाजतोय. तर ती ही गोष्ट त्या पिझ्झावाल्या मुलाला सांगायला लागली, तो गाडी हलवता हलवता "हां आजी, हां आजी" करत होता, मागे हॉर्न सुरू, आणि पोऱ्याने मधल्या मधे नोझल पुन्हा आत घालून पेट्रोल सोडलं. गेलं. टाकीच्या तोंडापर्यंत आलं, थोडं बाहेर पत्र्यावरून ओघळलं, त्याचे पैसेही मलाच पडले.

मग काका हात झटकत आले आणि म्हणाले, "आता सांगा, किती देते?"

मोबाइलवर भागाकार केला. साडेनऊ. अर्थात साडेनऊ येणारच, पहिल्या वेळी कटपर्यंत आणि आता तोंडापर्यंत, जास्तीचं सगळं हिशेबात चढलं. हे मी त्यांना समजावून सांगायला तोंड उघडलं तर ते लाइनकडे वळून मोठ्याने, "साडेनऊ! विकून टाका साहेब, ह्याच्यात टॅक्सी परवडेल." लाइनमधले दोघं-तिघं हसले. एकाने मान हलवली, हळहळून. नंतर काकांनी स्वतःच्या अ‍ॅक्टिवात शंभराचं टाकलं. शंभराचं! मुंबईत शंभरात एक लिटरसुद्धा येत नाही.

गंमत अशी की मायलेज वाढवायला माणूस जे करू शकतो ते मी आधीच सगळं करून बसलोय. एअर फिल्टर बदलला, प्लग बदलले, चाकं उचलून हाताने फिरवून पाहिली की ब्रेक चिकटत नाहीयेत ना. टायरची हवा बघतो, म्हणजे बघायचा प्रयत्न करतो, कारण पंपावरचं फुकट हवेचं मशीन कायम बंद, आणि पंक्चरवाल्यांच्या राज्यात हवेचा एकच आकडा आहे, पस्तीस. ट्रक असो, ओम्नी असो, व्हीलचेअर नेली तरी पस्तीस भरतील. दाराच्या स्टिकरवर काय लिहिलंय ते दाखवलं की "वो कंपनीवाला बोलता है" म्हणून हसतात. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचा हिशेब आहे की नीट हवेने सरासरी ०.६ टक्के फायदा होतो, फार तर ३. एवढ्यासाठी मी त्या पंक्चरवाल्याचं हसणं सोसतो.

सिग्नलला इंजिनही बंद करतो. दहा सेकंदांच्या वर उभं राहायचं असेल तर बंद करून पुन्हा चालू करणं स्वस्त पडतं म्हणतात. आकडा पाचवर आला की मागचा हॉर्न मारतो, मी चावी फिरवतो, ओम्नी एकदा खोकते, तेवढ्यात डावीकडून रिक्षा, उजवीकडून तीन बाइक, आणि एखादा जाताना आत वाकून बघून जातो की चालवतंय कोण.

पीसीआरए म्हणून सरकारची एक संस्था आहे, १९७८ सालची, इंधन वाचवा हे सांगायलाच काढलेली. तिचा सल्ला, गाडी ४५ ते ५५ च्या वेगाने चालवा. चालवतो ना! दाखवा कुठे ते. भांडुप ते घाटकोपर, कामावर निघायच्या वेळेला, मेट्रोच्या पत्र्यांच्या मधून, मला पंचेचाळीस दाखवा, मी त्या जागी नारळ फोडतो.

आणि आता पेट्रोलच २० टक्के इथेनॉलवालं. एका लिटर इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी, हे काही गुपित नाही. नीती आयोगाच्याच २०२१ च्या अहवालात लिहिलंय की जुन्या धाटणीच्या चारचाकींचं मायलेज ६ ते ७ टक्क्यांनी घटेल. ऊसवाल्यांना पैसे मिळतात, बाहेरून कमी तेल आणावं लागतं, मान्य, पण मग लिटरमागे तेवढे पैसे कमी करा की. मी हवा भरून, प्लग घासून, सिग्नलला शिव्या खाऊन तीन-चार टक्के जमवणार आणि ते नळीतूनच दुप्पट काढून घेणार, वर पंपावर "जुनी गाडी आहे साहेब, पिणारच." ह्याचा मला खरंच राग येतो. गाडी जुनी आहे हे उत्तर आमच्याकडे कशालाही चालतं.

एक उपाय राहिलाय, वरचं कॅरिअर. छतावर मोठी पेटी बांधली तर शहरात २ ते ८ टक्के आणि हायवेला ६ ते १७ टक्के मायलेज जातं, हेही त्या अमेरिकेवाल्यांचंच. रिकाम्या कॅरिअरने कमी जात असेल, पण काहीतरी जातंच. मेकॅनिक म्हणतो बोल्ट गंजलेत, कापायला लागतील, सहाशे रुपये. ते वसूल व्हायला किती महिने लागतील ते मी काढलं आणि बायकोला सांगितलं नाही. शिवाय आमचा हायवे म्हणजे मुंबई-गोवा, २०११ पासून रुंद होतोय, तिथे वाऱ्याने अडवावं एवढा वेग कुणाच्या नशिबात आहे?

पण तरी काढायचं ठरवलं. बातमी कशी फुटली माहीत नाही, रात्री मेव्हण्याचा फोन.

"भावोजी, कॅरिअर काढताय म्हणे? मग गणपतीला गावी जाताना बॅगा कुठे ठेवायच्या?"

"अरे, पेट्रोल जास्त लागतं त्याने."

"एवढंच ना? पेट्रोल मी भरतो."

गेल्या वर्षी त्याने पनवेलला दोनशेचं भरलं होतं. पेण येईपर्यंत तेच ऐकवत होता.